बिनशाईचं पाकीट

१

पाकीट चोरीला गेलं होतं आणि पाकिटाच्या जागेवर पाकीट होतं. पुतण्याने फोनवर हे तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा भिंगबाईंनी नुसतं "हं" म्हटलं. तिसऱ्या मजल्याचा जिना चढताना दुसऱ्या वळणावर त्या थांबल्या, कठड्याला टेकल्या आणि मनाशी म्हणाल्या, हे काम शेवटचं. असं त्या गेली सहा वर्षं म्हणत होत्या.

पत्ता न सापडलेल्या पत्रांच्या विभागात तीस वर्षं काढली की माणसांपेक्षा पाकिटं बरी वाटायला लागतात. भिंगबाईंचं तसंच झालं. निवृत्त झाल्यावर जुन्या छापील पाकिटांमधल्या चुका ओळखून देण्याचं काम आपसूक त्यांच्याकडे आलं. छाप उलटा पडलेला, दोनदा पडलेला, भलत्याच रंगात पडलेला. त्यात कारखान्यातली खरी चूक कुठली आणि घरी बसून केलेली लबाडी कुठली, हे त्या भिंगातून बघून सांगत. खरं नाव आता पेन्शनच्या कागदावर तेवढं उरलं होतं. पण ही विद्या त्यांना ज्यांनी शिकवली त्या सरांच्याच घरी चोरी झाली म्हटल्यावर गुडघ्यांचं ऐकून चालणार नव्हतं.

दार ताईने उघडलं. सरांना सांभाळायला ती अकरा महिन्यांपासून या घरात राहत होती. तिचे डोळे सुजलेले होते आणि दाराशी तिची कापडी बॅग भरून ठेवलेली होती.

"निघालात कुठे?" भिंगबाईंनी विचारलं.

"मी नाही निघाले. काढताहेत," ताई म्हणाली आणि बाजूला झाली.

आतल्या खोलीत सरांचा पुतण्या येरझाऱ्या घालत होता. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. "काकू, बरं झालं आलात. तक्रार तयार आहे, फक्त काकांची सही राहिली आहे. पाचच्या आत पोलिसांत देतो. तुम्ही तज्ज्ञ म्हणून एवढंच लिहून द्या की हे पाकीट ते नाही."

"आणि नाव कुणाचं घातलंय?"

पुतण्याने स्वयंपाकघराकडे नुसती मान हलवली. ज्या एजन्सीने ताईला इथे पाठवलं होतं तिचा नियम साधा होता. पोलिसांत नाव गेलं की यादीतून नाव गेलं, आणि यादीतून गेलेल्या बाईला पुन्हा कुणी आपल्या घरात पाऊल टाकू देत नाही.

खिडकीशी, उजेडाकडे पाठ करून सर बसले होते. "उजवा गुडघा जास्त दुखतोय वाटतं तुझा," ते मागे न बघता म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"पावलांवरून कळतं. बस. आणि बघ ते, माझ्या कपाटात काय आणून ठेवलंय."

भिंगबाईंनी पारदर्शक पिशवीतलं पाकीट चिमट्याने बाहेर काढलं. ते कोरं होतं, अगदी कोरं.

२

खरं पाकीटही तसं कोरंच होतं, आणि त्यातच त्याची सगळी किंमत होती. त्या काळी तिकिटाचा छाप पाकिटावरच ठोकत: लंबगोलात एक जहाज, भोवती रंग आणि जहाज कागदातून वर उठून आलेलं. एकदा कधीतरी कारागिराच्या हातून यंत्रात एकावर एक दोन कागद गेले. वरच्याने सगळी शाई पिऊन टाकली आणि खालच्याला नुसता दाब मिळाला. त्यामुळे त्या पाकिटावर जहाज होतं, पण रंगाचा ठिपका नव्हता. तिरप्या उजेडात धरलं तर दिसे, बोट फिरवलं तर लागे. असं हे एकच पाकीट सगळ्यांच्या माहितीत होतं. सरांनी ते चाळीस वर्षं जपलं होतं आणि या आठवड्यात ते प्रदर्शनाला जायचं होतं.

"काल प्रदर्शनाचे चिटणीस न्यायला आले," सर म्हणाले. "मी काढलं, बोट फिरवलं, आणि जहाजच नाही."

भिंगबाईंनी पाकीट तिरपं धरून भिंगाखाली घेतलं. कागद जुना होता, त्याच कारखान्याचा. उजेडात धरल्यावर दिसणारी कागदातली पाणखूण बरोबर होती, काप बरोबर होता. मागची चिकटवायची पट्टी एका कोपऱ्यात आपोआप चिकटल्यासारखी बसली होती. डाव्या हाताला खाली एक बारीक तपकिरी कण होता. त्यांनी मऊ कुंचल्याने तो झटकून पाहिला. कण हलला नाही, तो कागदातच होता.

"चोर हुशार आहे," पुतण्या म्हणाला. "दिसायला सारखं पाकीट आणून ठेवलं."

"चोर फारच हुशार आहे," भिंगबाई थकल्या आवाजात म्हणाल्या. "या कारखान्यातून छापाशिवायचं पाकीट बाहेर पडत नव्हतं. मोजून आत, मोजून बाहेर. बिनशाईचं एक तरी सापडलं, पण बिनछापाचं आजवर कुणी पाहिलेलं नाही. म्हणजे चोराने एक दुर्मीळ पाकीट पळवायला त्याहून दुर्मीळ पाकीट इथे ठेवलं."

पुतण्याच्या येरझाऱ्या थांबल्या. सरांचा हात टेबलावरच्या टीपकागदावरून फिरत राहिला. त्या जाड टीपकागदावर एक पिवळट भाजल्याची खूण होती, टोकाकडे निमुळती होत गेलेली.

"शेवटचं कधी पाहिलं होतंत?"

"सोमवारी. तो पाकीटवाला आला होता. त्याला दाखवायला काढलं. मंगळवारी सकाळी तो परत आला, त्यानंतर मीच आत ठेवलं. किल्ली माझ्या गळ्यात आणि दुसरी ताईकडे."

"आणि सोमवारी दुपारी," पुतण्या पुढे झाला, "ही बाई दीड तास घराबाहेर होती. कुठे गेली होती ते सांगत नाही. मी विचारलं, काकांनी विचारलं. तोंडात मूग गिळून बसली आहे!"

"सरांनी विचारलं?" भिंगबाईंनी सरांकडे पाहिलं.

सरांनी मान दुसरीकडे फिरवली.

३

जुन्या पाकिटांच्या व्यापाऱ्याला सगळे पाकीटवाला म्हणत. बोलावल्यावर तो अर्ध्या तासात घाम पुसत आला. माणूस लघळ होता, पण भिंगबाईंचा अनुभव असा होता की लघळ माणसं खोटं बोलतात तीसुद्धा मोकळेपणाने.

"माझ्यावर संशय असेल तर झडती घ्या, बाई. सरांच्या घरचं पाकीट मी विकायला काढलं तर घेणार कोण? एकच तर आहे जगात. दाखवलं की पकडलोच!"

"सोमवारी कशाला आला होतात?"

"एका तळघरात पाणी शिरलं होतं, तिथली नऊ पाकिटं मिळाली. ओली होऊन वाळलेली, पार चुरगळलेली. सर म्हणाले ठेवून जा, दमट कपड्याखाली इस्त्री करून सरळ करतो. ती सपाट छपाईची होती, उठावाची नव्हेत, म्हणून इस्त्री चालते. उठावाच्या पाकिटाला इस्त्री दाखवायची नसते, हे मला सरांनीच तर शिकवलं."

"मलाही," भिंगबाई म्हणाल्या. "मग?"

"मग मंगळवारी नेली. आता सरांसमोर बोलू नये, पण काम जरा अर्धवट होतं." त्याने आवाज खाली आणला. "आठ सरळ झाली होती. एक तसंच चुरगळलेलं. मी काही बोललो नाही, म्हातारा माणूस, चुकून राहिलं असेल."

"टेबलावर एकूण किती होती?"

"दहा. माझी नऊ आणि सरांचं ते कोरं. सरांचं मी तिथेच सोडलं. सरांनी माझ्यादेखत ते कडेला धरून उचललं आणि पिशवीत घातलं."

कडेला धरून. अशी पाकिटं कडेलाच धरायची, मधे बोट लावायचं नाही, हाही सरांचाच धडा.

भिंगबाईंना एकदम तहान लागली. खरं तर त्यांना एकटं उभं राहायचं होतं. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी फ्रिज उघडला. दारातल्या कप्प्यात लिंबांच्या मागे एक इवलीशी बाटली होती, करंगळीएवढी. तिच्यावरचं लेबल कुणीतरी नखाने खरवडून काढलं होतं.

मागून ताईचा हात आला, बाटली उचलून मुठीत गेली.

"पाणी माठातलं देते," ताई म्हणाली.

४

भिंगबाई पाणी पिऊन परत सरांसमोर येऊन बसल्या. पुतण्या आणि पाकीटवाला बाहेर जिन्याशी बोलत होते. त्यांना जे करायचं होतं ते करावंसं वाटत नव्हतं. गुरूची परीक्षा घ्यायची वेळ शिष्यावर येऊ नये, आणि आलीच तर ती दुसऱ्या कुणावर तरी यावी, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. त्यांनी पर्समधून नेहमीचे नमुने काढले.

"सर, मनाला जरा विरंगुळा. हे बघा कसं आहे."

सरांनी पाकीट घेतलं, कोपऱ्यावर अंगठा फिरवला. "उठावाचा छाप, उलटा पडलेला. खरी चूक आहे. कुठे मिळालं?"

"मिळालं एकाकडून. आणि हे?"

दुसरं पाकीट सपाट छपाईचं होतं. या तऱ्हेची पाकिटं नेहमी हिरव्या शाईत निघत. एका दिवशी कारखान्यात निळी शाई भरली गेली आणि मूठभर पाकिटं निळी झाली. ही चूक जगात पहिल्यांदा शोधून काढली ती सरांनी, तरुण असताना, आणि त्याबद्दल त्यांना मानपत्र मिळालं होतं. ते अजून भिंतीवर होतं.

सरांनी पाकीट डोळ्यांसमोर धरलं, लांब केलं, अंगठा फिरवला. अंगठ्याला काही लागलं नाही.

"हिरवं," सर म्हणाले. "नेहमीचंच. यात काही नाही गं."

पाकीट निळं होतं.

५

फळीवर जुन्या प्रदर्शनांची पुस्तकं रांगेने लावलेली होती. भिंगबाईंना हवं ते पाचवं निघालं. त्यात बिनशाईच्या पाकिटाचा पानभर मोठा फोटो होता. त्या पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याशी स्टुलावर बसल्या. ताई भांडी पुसत होती. सगळी भांडी कोरडी होती.

"त्यांना दिसत नाही ना?" भिंगबाई हळूच म्हणाल्या.

ताई पातेलं पुसत राहिली.

"सोमवारी डोळ्यांचं औषध आणायला गेली होतीस. लांबच्या दुकानात, इथल्या ओळखीच्या नाही. म्हणून दीड तास."

"मी काही सांगितलेलं नाही," ताई म्हणाली. "तुम्हीच म्हणताय."

"अगं, तुझ्यावर चोरीचा आळ आहे! एवढं एक वाक्य बोललीस तर सुटशील."

"शब्द दिलाय." तिने पातेलं खाली ठेवलं. "पहिल्या महिन्यातच माझ्या लक्षात आलं. रडले हो माझ्यासमोर. म्हणाले, लोकांना कळलं तर माझ्याकडे कोण पाकीट आणेल, आणि पाकीट आलं नाही तर मी दिवसभर करू काय? तेव्हापासून मी रंग सांगते, ते बोटाने बाकीचं ओळखतात. सही कुठे करायची ते मी दाखवते. कुणाला कळलं नाही आजवर."

"आणि तेच तुझ्याविरुद्ध सही करणार आहेत."

"त्यांना खरंच वाटतंय की चोरी झाली. घरात दुसरं आहे तरी कोण?" ताईने डोळे पदराने टिपले. "माझ्यावर राग नाही त्यांचा. घाबरलेत ते."

तीस वर्षं भिंगबाईंनी न पोचलेली पत्रं हाताळली होती. कुणी कुणाला काय काय लिहितं ते त्यांना माहीत होतं. पण असं बोलणारं माणूस त्यांनी फारसं पाहिलं नव्हतं.

त्यांनी पुस्तकातल्या फोटोवर भिंग धरलं. डाव्या हाताला, खाली, एक बारीक तपकिरी कण होता.

६

पाचला वीस मिनिटं कमी असताना सगळे टेबलाभोवती बसले. ताई दाराशी उभी होती.

"चोरी झालेलीच नाही," भिंगबाई म्हणाल्या. "हेच ते पाकीट आहे."

पाकीटवाला उडालाच. भिंगबाईंनी फोटो आणि पाकीट शेजारी ठेवलं. "कागद करताना त्यात गवताच्या काडीची कणी राहून जाते. प्रत्येक पाकिटात वेगळी, वेगळ्या जागी. इथे बघा आणि तिथे बघा. सोमवारी टेबलावर दहा पाकिटं होती. नऊ चुरगळलेली, एक हे. दमट कपडा घालून इस्त्री नऊंवर फिरली, पण मंगळवारी पाकीटवाल्यांच्या नऊंतलं एक चुरगळलेलंच निघालं. मग नववं इस्त्री केलेलं कुठलं? हे. ओलावा आणि ऊब लागली म्हणून मागची पट्टीसुद्धा कोपऱ्यात चिकटली. या पाकिटावर शाई नव्हतीच, नुसता उठाव होता. इस्त्रीने उठाव सपाट केला की उरलं काय? कोरा कागद."

पुतण्याने पाकीट उलटसुलट केलं. "म्हणजे इस्त्री कुणी केली?"

पुढचं वाक्य भिंगबाईंचं नव्हतं. त्या सरांकडे बघत राहिल्या.

"मी केली ती नऊंवर," सर म्हणाले. "त्या नऊंवरच. पन्नास वर्षांत उठावाच्या पाकिटाला मी इस्त्री लावली नाही. हातात भलतंच पाकीट आलं असतं तर मला दिसलं नसतं?"

"तेच!" पुतण्याने टेबलावर हात आपटला. "काका असं करतीलच कसे? हिने केली असणार, आवराआवर करताना. म्हणजे चोरी नाही तर नासधूस. मी दोन शब्द बदलतो, बाकी कागद तोच राहील."

"मी घरात नव्हते," ताई म्हणाली.

"मग कुठे होतीस?"

ताईने खाली पाहिलं.

पुतण्याने उभ्याउभ्या दोन शब्द खोडून वर नवे लिहिले आणि कागद सरांसमोर सरकवला. "सही करा, काका. पाच वाजत आले."

भिंगबाईंच्या ओठांवर वाक्य आलं होतं. दोन माणसांची अब्रू त्या एका वाक्यावर होती, आणि एकीची वाचवायची तर दुसऱ्याची जात होती. त्यांना आपल्या कामाचा इतका वीट कधीच आला नव्हता. आता मीच बोलते, असं ठरवून त्यांनी तोंड उघडलं.

"कुठे?" सरांनी पेन हातात घेत विचारलं.

"खाली. रेघ आहे ना तिथे."

पेनचं टोक कागदावर उतरलं, मजकुरावरून घसरलं, कडेला गेलं, कागद संपला तरी पुढे जाऊन टीपकागदावर थांबलं. पुन्हा मागे आलं. कुणालाच काही कळेना. पुतण्या "काका?" म्हणाला.

ताई दारातून पुढे आली. अकरा महिने रोज येत होती तशीच आली. तिने सरांच्या डाव्या हाताचं बोट धरलं आणि रेघ जिथे सुरू होत होती तिथे टेकवलं.

"इथे, सर."

सरांनी पेन उचललं नाही की टेकवलं नाही.

"ताई, हा कागद तुझ्याविरुद्ध आहे. माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग?"

"सही वाकडी गेली असती," ताई म्हणाली.

सरांनी पेन खाली ठेवलं. मग चष्मा काढला आणि तो तक्रारीच्या कागदावर ठेवला, जणू दोन्ही आता सारखेच निरुपयोगी होते.

"इस्त्री मीच केली," ते म्हणाले. "हातात कुठलं पाकीट होतं ते मला दिसलं नाही. वर्ष होत आलं, मला कागदावरचं काही दिसत नाही. काल संध्याकाळपासून मला शंका होती. पण शंका बोलून दाखवायची तर हेही बोलावं लागलं असतं, म्हणून हिचं नाव जाऊ दिलं. सोमवारी ही माझ्या डोळ्यांचं औषध आणायला गेली होती. मला माहीत होतं. मला माहीत असून मी तिला तुझ्यासमोर विचारलं, कुठे गेली होतीस म्हणून."

पुतण्या खुर्चीत बसला. पाकीटवाल्याने उगाचच खिसे चाचपले. भिंगबाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. थकायला झालं की त्यांना लपवणं जमत नसे.

"प्रमाणपत्राचा कागद आणलायस?" सरांनी विचारलं.

"आणलाय."

"लिही. पाकीट अस्सल. छापाचा उठाव मालकाच्या हातून इस्त्रीने नष्ट झाला. मालकाला त्या वेळी दिसत नव्हतं. हे असंच प्रदर्शनात लावा म्हणावं, शेजारी जुना फोटो. आणि वर्षभरात माझ्या सहीने गेलेली सगळी पाकिटं तू परत मागव, एकेक तपास. गुडघ्याचं कारण सांगू नकोस."

"नाही सांगत," भिंगबाई म्हणाल्या आणि लिहिलं.

कागद पुढे आल्यावर पुतण्या घाईघाईने उठला, काकांचं बोट धरायला. पण सरांनी हात, ताई पुन्हा जाऊन उभी राहिली होती त्या दाराच्या दिशेने पुढे केला. तो तसाच हवेत राहिला. ताई जागची हलली नाही.

"तुला माफ कर म्हणायला मला तोंड नाही," सर म्हणाले.

ताई आत निघून गेली. फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात ती इवलीशी बाटली होती, आणि ती या वेळी मुठीत नव्हती.

"साडेचारचे थेंब राहिलेत," सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "सही नंतर करा. आधी वर बघा."

सरांनी वर पाहिलं.